होलमत दोमलांची कोरडी जमीन

कोकंदच्या आमच्या मोहल्ल्यात पन्नाशीच्या आतल्या कुठल्याही माणसाला रस्त्यात अडवून विचारा, पोटॅशियम पाण्यात टाकलं तर काय होतं. कसाई असो, टॅक्सीवाला असो, नुकताच तुरुंगातून सुटलेला असो, तो सांगेल, “पोटॅशियम म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच पेटतो.” सोडियम त्याचा दोस्त, पाण्यावर फुत्कारत इकडून तिकडे धावतो आणि धावता धावता संपतो. मॅग्नेशियम गार पाण्यात शहाण्यासारखं बसून राहतं, पण वाफ दिसली की भडकतं. असा एक काका घरोघरी असतो. जस्त, लोखंड यांना आधी चांगलं तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते वाफेशी दोन शब्द बोलतात. आणि तांबं? तांब्याच्या सुरईत हजार वर्षं पाणी ठेवा, त्याची काही तक्रार नाही.

हे सगळं होलमत दोमलांचं. दोमला म्हणजे गुरुजी, आणि आमच्याकडे एकदा गुरुजी झालेला माणूस मेल्यावरसुद्धा गुरुजीच राहतो. सात नंबरच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवत असे. त्यांच्या वर्गातून ‘फट्’ असा आवाज आला की माझी मुलं खिडकीकडे धावायची. माझ्या वर्गात तीन क्रांत्या झाल्या, पण त्या ऐकायला कधी कोणी धावत आलं नाही.

ॲल्युमिनियमवर दोमलांचा विशेष जीव. “हा खानदानी माणूस,” ते म्हणायचे. “अंगात कायम कोट. ऑक्साइडचा, इतका तलम की दिसत नाही. त्या कोटामुळे पाणी त्याचं वाकडं करू शकत नाही, म्हणून तुमच्या आया त्याच्यात बिनधास्त चहाचं पाणी उकळतात. पण त्याला वितळवा, आणि त्याच्याखाली पाण्याचा एक थेंब अडकू द्या. मग बघा खानदान.”

पुढे देश बदलला, नकाशे बदलले, शिक्षकांचा पगार कधी पिठाच्या पोत्यात तर कधी नुसत्या आश्वासनात मिळू लागला. मी घरातले क्रांतीच्या पुढाऱ्यांचे लाल पुठ्ठ्याचे जाडजूड खंड विकायला काढले. ते शेवटी सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बाईनं पुड्या बांधायला नेले आणि विचारांचा प्रसार प्रथमच घरोघरी झाला. होलमत दोमला माझ्याहून कामाचे. त्यांनी अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड घातली, भट्टी बांधली, आणि भंगारातले इंजिनांचे दट्टे वितळवून पुलावाच्या कढया ओतायला लागले. त्यांची कढई तळाशी जाड, काठाला पातळ, आणि कान असे पक्के की चार माणसांनी तांदळासकट उचलावी. मर्गिलानपासून गिऱ्हाईक येई.

पण कढईपेक्षा दोमलांना अभिमान होता तो शेडच्या जमिनीचा. चाळलेल्या वाळूची, हाडासारखी कोरडी जमीन. वितळलेला धातू ओतताना थोडा सांडतोच. कोरड्या वाळूवर सांडला तर तिथल्या तिथे चांदीच्या पोळीसारखा थिजतो, उचलून परत मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात टाकायचा. ओल्या जमिनीवर सांडला तर पाणी त्याच्याखाली कोंडतं, क्षणात वाफ होतं, दीड-दोन हजार पट फुगतं, आणि वरचा धातू छतापर्यंत फेकतं. शिवाय तो उघडा धातू त्याच पाण्यातला ऑक्सिजन ओरबाडून घेतो आणि मागे हायड्रोजन सोडतो. तो पेटायला निमित्तच शोधत असतो. हे दोमला शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. दारावर पाटी होती: ‘पाणी, चहा, थुंकी, घाम यांना मनाई.’ दट्टा मुशीत टाकण्याआधी भट्टीच्या कडेला तासभर भाजत, न जाणो त्याच्या पोटात दंव असेल. रोज सकाळी ते वाकून जमिनीला हाताची पालथी बाजू लावून बघत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी.

कामाला त्यांचा मुलगा सोबिर होता. अठ्ठाविशीचा, बोलायला कमी, हाताला पक्का. त्याची बायको जुमराद. लग्नाला दीड वर्ष झालेलं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एशोनकुल नानवाईची मुलगी, तंदूरवाल्याच्या घरातली म्हणून पहाटे उठायची सवय असलेली. आमच्याकडे पहाटे अंगणात पाणी शिंपून झाडणं हे सुनेचं काम. शिंपणं म्हणजे बादलीतून ओंजळीनं, हात असा फिरवत की थेंब बारीक पडावेत, चिखल होऊ नये आणि धूळ बसावी. पाहुणा यायचा असला की दारापासून बैठकीपर्यंत पुन्हा एकदा. पाहुण्याच्या बुटाखालून धूळ उडाली तर त्या घराची अब्रूच उडाली असं समजतात. जुमराद बादली शेडपासून सात पावलांवर, तुतीच्या झाडाखाली ठेवायची आणि तिथून पुढे नुसत्या कोरड्या केरसुणीनं झाडायची. मी रोजचा चहा त्यांच्याच अंगणात पीत असल्यामुळे हे मला माहीत होतं. हे मला चांगलंच माहीत होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सप्टेंबरात एक दिवस ताश्कंदहून फोन आला. दोमलांचा जुना विद्यार्थी निग्मत, आता तिकडे धातुशास्त्राचा मोठा प्राध्यापक, कोकंदला एका लग्नाला येणार होता. म्हणाला, “दोमला, तुमचं ओतकाम डोळ्यांनी पाहायचंय.”

चार दिवस दोमलांचे पाय जमिनीला लागेनात. पत्रा पुसला, मुशी ओळीनं लावल्या, पाटीवर नव्यानं रंग दिला. सकाळी नवी टोपी घालून मला म्हणाले, “कोमिल, प्राध्यापक होणं काय, पुस्तकं वाचून कोणीही होतं. पण वितळलेला धातू हातानं ओतून दाखवणारा मास्तर त्यानं ताश्कंदात कुठे पाहिलाय?”

“तुम्ही कुठे ओतता? सोबिर ओततो.”

“शिकवलं कोणी?”

मी अंगणातल्या बैठकीवर चहा घेऊन बसलो. जुमराद अंगण शिंपून, झाडून स्वयंपाकघराशी, शेडकडे तोंड करून गाजरं चिरत होती. गल्लीच्या टोकाला गाडीचा भोंगा वाजला. दोमला शेडच्या दारात उभे होते. त्यांनी एकवार फाटकाकडे पाहिलं, एकवार मागे, शेडच्या जमिनीकडे. चाळलेली कोरडी वाळू. पाऊल टाकलं की धूर उठावा तशी धूळ उठायची. पाहुण्याचे हात धुवायला काढून ठेवलेली तांब्याची सुरई तिथंच, शेडच्या खिडकीच्या बाहेरच्या कडेवर होती. दोमलांनी ती उचलली, ओंजळीत पाणी घेतलं, आणि उंबरठ्यापासून साच्यापर्यंत असा झोकदार हात फिरवला की जुमरादनंही मान डोलवावी. चार ओंजळी. मग सुरई जागेवर ठेवून, टोपी सारखी करून ते फाटकाकडे धावले.

हे मी पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणा येतोय, यजमान पाणी शिंपतोय. साठ वर्षं मी हेच पाहत आलो होतो. त्यांनाही वाटलं नाही. डोक्यात एकतीस वर्षांचं शास्त्र होतं, हातात आजीपासूनची सवय, आणि गाडीचा भोंगा वाजला की हातच पुढे होतो.

निग्मत आला, छातीवर हात ठेवून वाकला, सुरईच्या पाण्यानं हात धुतले, आणि सगळे शेडशी गेले. सोबिरनं सांडशीनं मूस उचलली. दोमला विद्यार्थ्याला समजावत होते, “बघ, धार कशी बारीक धरलीय.” धार साच्यात पडली, आणि शेवटी नेहमीसारखा चमचाभर धातू जमिनीवर सांडला.

आवाज शाळेतल्यासारखा ‘फट्’ नव्हता. पत्र्याला तीन भोकं पडली. निग्मतच्या ताश्कंदी कोटावर चांदीची नक्षी उमटली. सोबिर मूस टाकून मागे कोसळला, तोंडावर हात धरून. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि डाव्या डोळ्याच्या पापणीला धातूचा थेंब चिकटला होता.

निग्मत खाली बसला, वाळू चिमटीत घेतली. प्राध्यापक तो प्राध्यापक. “जमीन ओली आहे,” तो म्हणाला. “इथे पाणी कोणी शिंपलं?”

धावत आलेली जुमराद दारात उभी होती. घाईत गाजराची सुरी टाकून तिनं हाताला लागलं ते उचललं होतं, आणि ती होती पाण्यानं भरलेली बादली. नवऱ्यावर ओतायला आणली होती. सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं.

“तूच!” रोबियाखान, म्हणजे दोमलांची बायको, किंचाळली. “शंभरदा सांगितलं तुला, शेडमध्ये पाणी नको! पांढऱ्या पायाची! माझ्या पोराचा डोळा खाल्लास गं!”

जुमरादनं सासूकडे पाहिलंच नाही. तिनं सासऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

दोमला म्हणाले, “आधी पोराला दवाखान्यात न्या.”

वाक्य बिनतोड होतं. त्या क्षणी त्याहून शहाणं वाक्य कोणी बोलूच शकलं नसतं. त्या वाक्याच्या आड दोमला दीड महिना राहिले.

आणि मी? मी इतिहासाचा शिक्षक. पाहिलेलं न सांगणं हा आमच्या विषयाचा अर्धा अभ्यासक्रमच होता. मी निग्मतच्या गाडीचं दार उघडून धरलं.

सोबिरच्या दोन्ही डोळ्यांवर अकरा दिवस पट्टी होती. तिसऱ्या दिवशी रोबियाखाननं सुनेची पेटी बांधली. “थोडे दिवस माहेरी जा. पोराला तुझं तोंड दिसलं तर ताप चढेल.” डोळ्यांना पट्टी असलेल्या माणसाला तोंड कसं दिसणार, हे कोणी विचारलं नाही. सोबिरनंही बायकोचा फोन घेतला नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते त्यानं मानलं. बाराव्या दिवशी पट्टी निघाली. डोळा वाचला होता. पेटी मात्र परत आली नाही. मोहल्ल्यात एव्हाना जुमराद म्हण झाली होती. विहिरीपाशी कोणाच्या हातून पाणी सांडलं की बाया म्हणत, “काय गं, नानवाईची लेक आहेस का?” चायखान्यात तर हमीदुल्ला कसायानं सिद्धांतच मांडला: “तंदूरवाल्याच्या घरची पोर. तिकडे तंदुराच्या भिंतीवर पाणी शिंपडतात, भाकरी चिकटावी म्हणून. तिला वाटलं, भट्टी ती भट्टीच!” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं, जर मी तिथे नसतो.

विसाव्या दिवशी, दोमलांच्याच अंगणात, त्यांचाच चहा पीत मी म्हणालो, “होलमत, ती तांब्याची सुरई.”

“कुठली सुरई?”

मी शेडच्या खिडकीकडे पाहिलं.

“जमिनीत ओल असतेच,” ते म्हणाले. “शरद ऋतूत खालून चढते. केशाकर्षण. शिवाय साच्यात दंव असू शकतं. शिवाय दट्ट्यात मॅग्नेशियमचं प्रमाण जास्त असेल, तर...” ते पाऊण तास बोलले. इतकं सुंदर व्याख्यान त्यांनी शाळेतसुद्धा दिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “तर, कारणं अनेक असतात.”

“हो.”

“तू काय पाहिलंस?”

“तुम्ही जे केलंत ते.”

त्यांनी कप खाली ठेवला. “मला वाटलं तू पाठमोरा होतास,” ते म्हणाले.

मग ते जे बोलले ते तुटक तुटक होतं. की त्या संध्याकाळीच सांगणार होतो. की दवाखान्यात डॉक्टर विचारत होता, ‘दोमला, तुमच्या घरी असं कसं झालं?’ आणि तो डॉक्टर माझाच विद्यार्थी. की दुसऱ्या दिवशी निग्मतचा फोन आला, म्हणाला, ‘बिचारी खेडवळ पोर, तिला काय कळणार, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’ आणि मी म्हणालो, ‘हो रे बाबा.’ “त्या ‘हो रे बाबा’नंतर, कोमिल, मला दारच सापडेना. रोज सकाळी उठतो तर भिंत एक वीट उंच झालेली.”

त्यानंतर जवळजवळ महिन्यानं आम्ही दोघं एशोनकुलकडे गेलो. दोमला रस्ताभर बोलत होते, काय सांगायचं ते. पण पोचल्यावर तंदुराची ऊब, पुढे ताजी भाकरी, एशोनकुल छातीवर हात ठेवून वाकलेला, आणि दोमलांच्या तोंडून निघालं ते असं: “झालं गेलं. आम्ही मनात ठेवलेलं नाही. पोरीला पाठव.”

एशोनकुल उभाच राहिला. अंगावर पीठ, डोळ्यांत पाणी. “दोमला, माफी आम्हीच मागायची. पोरीला वळण लावण्यात कमी पडलो. तुम्ही मला नववीत शिकवलं होतंत, ॲल्युमिनियमचा कोट. मला आठवतंय! मीच तिला सांगायला हवं होतं. मीच नालायक.” आणि त्यानं स्वतःच्या हातानं भाकरी मोडून दोमलांपुढे ठेवली.

जुमराद चहा घेऊन आली. ओतला. अर्धाच कप, आमच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा. दोमलांचा घास तोंडात तसाच होता. चावत होते, गिळत नव्हते.

“एशोनकुल,” ते म्हणाले, “पाणी मी शिंपलं.”

“काय, दोमला?”

“त्या दिवशी. शेडमध्ये. मी.”

तंदुरातल्या भाकरीचा जळका वास आला तरी नानवाई हलला नाही. त्यानं मुलीकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू गप्प?”

“सांगायचं कोणाला?” जुमराद किटली हातात धरूनच म्हणाली. सासऱ्याला ती अता म्हणते, म्हणजे बाबा. “सासूबाईंनी मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, की तूच शिंपलंस. अता तिथंच उभे होते. म्हटलं, सांगतील. संध्याकाळी म्हटलं, आता सांगतील. मग म्हटलं, डोळा बरा झाल्यावर सांगतील. मग माझी पेटी बांधून झाली.”

“आता सांगितलं ना, बेटी,” दोमला म्हणाले.

“इथे सांगितलंत. इथे मला कोण दोष देत होतं? इथे तर मी घरची लेक आहे. तुमच्या मोहल्ल्यात पाणी सांडलं की माझं नाव घेतात. तिथे सांगा. चारचौघांत सांगा. मग येईन.”

“जुमराद!” एशोनकुल दरडावला. “सासऱ्याशी असं बोलतात?” मग खाली बघून, अगदी हळू, “पण बोलतेय ते बरोबर, दोमला. चहा घ्या. गार होईल.”

घरी रोबियाखानला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. “अहो, सून आणा परत, मी कुठे नको म्हणते? पण हे बाहेर कशाला? म्हातारपणी इजार सोडून नाचायचंय का?” सोबिर भिंतीशी बसून हातावरच्या नव्या, गुलाबी कातडीकडे बघत होता. त्यानं एकच विचारलं: “अता, डोळा गेला असता तरी गप्प राहिला असतात?”

दोमलांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असे. याचंही होतं. म्हणूनच ते दिलं नाही.

नोव्हेंबरात आमच्या मोहल्ल्याचे म्होरके सोतवोल्दी अक्सकाल यांच्या नातवाच्या लग्नाचा सकाळचा पुलाव होता. नमाजानंतर चारशे पुरुष, आठ-आठ जणांचं एक टेबल, दोन जणांत एक थाळा. आणि रीतीप्रमाणे एखाद्या वडीलधाऱ्यानं दोन शब्द बोलून आशीर्वाद द्यायचा. सोतवोल्दीनं पुकारलं, “आपले होलमत दोमला!”

दोमला उभे राहिले. नवरदेवाला आशीर्वाद दिला. मग म्हणाले, “सगळे बसलेच आहात तर एक सांगतो. माझ्या घरी जे झालं, तेव्हा शेडमध्ये पाणी माझ्या सुनेनं शिंपलं नव्हतं. मी शिंपलं. तिच्यावर आळ आला आणि मी तो येऊ दिला.”

मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

मग मागून हमीदुल्ला कसायाचा आवाज आला: “वाहवा, दोमला! याला म्हणतात सासरा!”

“सुनेचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला!” दुसरा म्हणाला. “मन पाहिलंत? मन!”

“अरे, मी खरंच...” दोमला म्हणाले.

“हो हो, दोमला, खरंच!” दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळे पुसले. “आम्हाला काय सांगता? ज्यांनी आम्हाला शिकवलं ते शेडमध्ये पाणी शिंपतील? शपथेवर सांगा, सूर्य पश्चिमेला उगवतो, ते मानू, पण हे नाही!” लोक हसले, प्रेमानं हसले. सोतवोल्दीनं नातवाला म्हटलं, “शीक, बेटा. माणूस असा असावा.” कोणीतरी उठून दोमलांच्या हाताचं चुंबन घेतलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जन्मात कधी कोणी इतकी मोठी शिवी दिली नसावी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागणं काही नव्हतं त्या नजरेत. नुसतं पाहिलं.

मला उठायला वेळ लागला. गुडघे होते हे एक कारण, आणि दुसरं असं की माझ्या थाळ्यात तेव्हा मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीचा चांगला तुकडा आला होता. माणसाच्या मनात अशा वेळी असलं काहीतरी असतं, हे कबूल केलेलं बरं. मी उठलो. म्हणालो, “ते खरं बोलतायत. मी बैठकीवर होतो. तांब्याची सुरई होती, चार ओंजळी होत्या. पोरगी स्वयंपाकघराशी गाजरं चिरत होती.”

हसणं थांबलं. हमीदुल्लानं मला विचारलं, “मग तुम्ही इतके दिवस काय करत होतात, कोमिल दोमला?”

“चहा पीत होतो,” मी म्हणालो.

यावर कोणी हसलं नाही. सोतवोल्दी अक्सकालांनी दाढीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग नातवाकडे न बघता म्हणाले, “खा, खा. तांदूळ गार होतोय.” लोक खाली बघून खायला लागले. आम्ही दोघं उभे होतो, आणि बसा असं कोणी म्हटलं नाही. तेव्हा आम्ही आपले आपण बसलो. माझ्याबरोबर त्याच थाळ्यात खाणारा टॅक्सीवाला, माझा जुना विद्यार्थी, त्यानं थाळा हळूच माझ्याकडे सरकवला. सगळाच. त्याला आता भूक नव्हती.

त्याच दुपारी सोबिर एकटाच एशोनकुलकडे गेला. तिथे तो काय बोलला ते मला माहीत नाही. चार तास लागले. मग त्यानं बापाला फोन केला, “तुम्ही या. ती म्हणते, तुम्ही या.”

जुमराद दारात पेटीजवळ उभी होती. “मी येते,” ती म्हणाली. “पण अता, सून रोज सकाळी सासऱ्याला वाकून सलाम करते. तो मी करणार नाही. वाटेल तेव्हा करीन. नाही वाटलं तर नाही.”

“नको करूस,” दोमला म्हणाले.

याला आता दोन वर्षं झाली. शेड चालू आहे. ओतकाम सोबिर करतो. दोमला तिथे पाऊल टाकत नाहीत. कोणी अडवलेलं नाही, ते स्वतःच उंबरठ्याशी थांबतात आणि आत काही विचारायचं असलं तर बाहेरून विचारतात. शाळेनं त्यांना एका समारंभाला बोलावलं होतं, गेले नाहीत. चायखान्यात आमच्या टेबलाशी लोक बसतात, बोलतात, सगळं आहे. फक्त कोणी ‘पोटॅशियम म्हणजे बायकोचा भाऊ’ असं आमच्यासमोर म्हणत नाही. म्हणता म्हणता थांबतात. ते थांबणं ऐकू येतं.

पहाटे मी गल्लीतून जातो तेव्हा फाटकाच्या फटीतून दिसतं. जुमराद ओंजळीनं पाणी शिंपत असते, पाठमोरी. दोमला दारातून बाहेर येतात, थोडं अंतर ठेवून उभे राहतात, टोपी सारखी करतात, आणि वडीलधाऱ्या माणसानं आमच्याकडे कधीच करू नये ते करतात, आधी तेच म्हणतात, “अस्सलाम अलैकुम, बेटी.”

ती कधी उत्तर देते, कधी नाही. मी पाहिलं त्यात बहुतेक वेळा नाही. ते मग थोडा वेळ उभे राहतात, ओल्या जमिनीवरून कडेकडेनं फाटकापर्यंत येतात, आणि मला बघून म्हणतात, “चल, कोमिल.”

शेजारच्या बाया म्हणतात, दोमलांना म्हातारचळ लागला, सुनेला सलाम करतात. सलाम का, ते मी त्यांना सांगत नाही. विचारलं तर सांगेन. अजून कोणी विचारलेलं नाही.